लॉगिन का अडतं? परवलीच्या शब्दाची साठ वर्षं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, हा कॉम्प्युटर दुरुस्तीचा क्लास दिसतोय. तसं नाहीये. आपली मालिका इतिहासाची आहे आणि आजही आपण इतिहासच बघणार आहोत. फक्त हा इतिहास रोज सकाळी आपल्यासमोर उभा राहतो, पडद्यावर, एका छोट्या चौकटीत: पासवर्ड टाका. आपण टाकतो आणि मशीन म्हणतं, चुकीचा आहे.

सुरुवात एका घडलेल्या गोष्टीने करतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. आपल्या गावाच्या जुन्या माणसांच्या आठवणी ते गोळा करत होते. माणसांकडे जायचं, बोलायचं, घरी येऊन टाइप करायचं, असं तीन वर्षं चाललं होतं. मराठी टायपिंग ते साठीनंतर शिकले. एके दिवशी कॉम्प्युटर उघडेना. पासवर्ड बरोबर टाकतोय, म्हणाले, पण घेत नाही. दोन दिवस प्रयत्न केले, मग मशीन उचलून दुकानात नेलं. दुकानातल्या मुलाने विचारलं, "काका, आत महत्त्वाचं काही आहे का?" यांनी सांगितलं, "डी ड्राइव्हला हात लावू नकोस." त्याने लावला नाही. सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून दिलं. पण सरांच्या सगळ्या फाइली होत्या डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हवर. तीन वर्षांचं काम गेलं.

गोष्ट इथे संपत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तेच झालं, बरोबर पासवर्ड टाकूनही मशीन घेईना. त्या वेळी घरी भाची आली होती. तिने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. कीबोर्डची भाषा मराठीवर होती. सर इंग्रजी अक्षरांच्या कळा दाबत होते आणि मशीनला देवनागरी अक्षरं पोचत होती. पडद्यावर दिसत होते फक्त काळे ठिपके. ठिपके काही मराठी-इंग्रजी नसतात. ते सगळे सारखेच.

आता मी इतिहासाचा माणूस. मला प्रश्न पडला, की हे ठिपके आले कुठून? सर आपल्या घरात, आपल्या टेबलावर, एकटे बसलेले. मग मशीन त्यांचा शब्द नेमका लपवत कोणापासून होतं?

आधी परवलीबद्दल

पासवर्डला मराठीत छान शब्द आहे, परवलीचा शब्द. पहारेकऱ्यांचा शब्द. रात्री अंधारात कोणी आलं तर तो शब्द विचारायचा. सांगितला तर आपला, नाही तर परका. ही पद्धत जगभर होती. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने रोमन छावणीचं वर्णन केलंय, त्यात परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून तुकड्यातुकड्यांतून कसा फिरवायचा ते सविस्तर आहे.

पण एक फरक लक्षात घ्या. परवलीचा शब्द सगळ्या छावणीचा एकच असायचा. तो विचारायचा, "तू आमच्यातला आहेस का?" आपला पासवर्ड मात्र एकट्याचा असतो. तो विचारतो, "तू तूच आहेस का?" आणि हा दुसरा प्रश्न मशीनला विचारावा लागला त्याचं कारण मशीन महाग होतं, हे आहे.

एक मशीन, अनेक माणसं

१९६१ साल. अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ. फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एक प्रणाली चालवून दाखवली: कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम, म्हणजे सीटीएसएस. तोवर कसं होतं, तर पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि उत्तर यायची वाट बघत बसायचं. कोर्बातोंची कल्पना अशी, की मशीनचा वेळ इतक्या बारीक तुकड्यांत वाटायचा की अनेक माणसं एकाच वेळी आपापल्या टर्मिनलवर बसली तरी प्रत्येकाला वाटावं, मशीन माझंच आहे.

मग प्रश्न आला, कोणाच्या फाइली कोणत्या? आणि कोणी किती वेळ वापरला? त्यावर उपाय म्हणून प्रत्येकाला एक नाव आणि एक पासवर्ड दिला. कॉम्प्युटरवरच्या पासवर्डची सुरुवात साधारण इथली मानतात. घुसखोरांना अडवणं हा तेव्हा मोठा हेतू नव्हताच, मुख्य काम वाटणीचं होतं. चाळीतल्या सामाईक नळाला पाळ्या लावतात ना, तसं.

आणि ठिपक्यांचं उत्तरही इथेच आहे. तेव्हाचे टर्मिनल म्हणजे टाइपरायटरसारखी यंत्रं. जे टाइप कराल ते कागदावर उमटायचं, आणि तो कागद तिथेच, इतरांच्या नजरेसमोर. म्हणून पासवर्ड टाकायची वेळ आली की सीटीएसएस छपाई बंद करायचं. कळा दाबल्या जायच्या, कागद कोरा राहायचा. त्या सामाईक खोलीसाठी केलेली ही सोय साठ वर्षांनी आमच्या सरांच्या एकट्याच्या टेबलावर येऊन बसली. खोली गेली, तिची सवय राहिली.

पहिली चोरी आणि पहिला घोटाळा

पासवर्ड आला तशी पासवर्डची चोरीही लगेच आली. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाचा पीएचडीचा विद्यार्थी तिथे काम करत होता. त्याला आठवड्याला ठरावीक तास मिळायचे, ते पुरेनात. त्याने पाहिलं, की फाइल छापून हवी असेल तर एका कार्डावर फाइलचं नाव लिहून द्यायचं असतं. त्याने सगळ्यांच्या पासवर्डच्या फाइलचं नाव लिहून दिलं. यंत्राने इमानदारीने ती छापून दिली! पुढे पंचवीसेक वर्षांनी त्याने स्वतःच ही कबुली दिली.

दुसरा प्रसंग १९६६ चा. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला एक सूचना दिसायची, 'आजचा संदेश' म्हणा. एक व्यवस्थापक हा संदेश दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलचं नाव एकच होतं, कारण हा एडिटर लिहिताना असं धरलं होतं की एका ठिकाणी एका वेळी एकच माणूस काम करेल. झाली अदलाबदल. पुढे जो कोणी लॉगिन करेल त्याच्या कागदावर संदेश म्हणून सगळ्यांचे पासवर्ड छापून यायला लागले. हा किस्सा कोर्बातोंनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात स्वतः सांगितला होता.

या दोन्ही प्रसंगांचं मूळ एकच. पासवर्ड जसेच्या तसे कुठेतरी लिहून ठेवलेले होते.

विसरलेला शब्द कोणीच का सांगू शकत नाही

यावरचा तोडगा इंग्लंडमधून आला. केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात असं सुचवलं, की पासवर्ड ठेवायचाच नाही. त्याच्यावर एक गणिती क्रिया करायची, जी सरळ करता येते पण उलटी करता येत नाही, आणि फक्त तिचं उत्तर ठेवायचं. ज्वारीचं पीठ करता येतं, पिठाची ज्वारी नाही, तसं. तुम्ही पासवर्ड टाकला की मशीन त्याचं पुन्हा पीठ करतं आणि आधीच्या पिठाशी जुळवून बघतं.

आपल्या रोजच्या एका वैतागाचं उत्तर यात आहे. आपण विचारतो, "अहो, माझा पासवर्ड विसरलोय, तुमच्याकडे असेल ना? सांगा की!" आणि पलीकडचा म्हणतो, "नवीन करून देतो." आपल्याला वाटतं टाळतोय. टाळत नाहीये, त्याच्याकडे तो खरंच नसतो. उलट एखाद्याने तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा सांगितला, तर समजा की तो १९६२ मध्ये आहे.

युनिक्सवाल्यांनी ही कल्पना पुढे नेली. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांचा एक गाजलेला लेख आला. पीठ दळण्याआधी प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळं मीठ टाकायचं, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं निघेल, ही युक्ती त्यात आहे. तिचं नावच 'सॉल्ट' आहे. पण मला त्या लेखातली माणसं जास्त आवडतात. त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा केले. त्यांतले १५ फक्त एका अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे. शब्दकोशातले, नावातले वगैरे धरून सुमारे ८६ टक्के पासवर्ड सहज ओळखता येण्यासारखे निघाले. आणि ही सगळी कॉम्प्युटर जाणणारी मंडळी, बरं का! तेव्हा आपल्या आईवडिलांना हसू नये.

केन थॉम्पसन यांचा स्वतःचा जुना पासवर्डही २०१९ मध्ये लोकांनी शोधून काढला. तो बुद्धिबळातला निघाला. वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, जुन्या लेखनपद्धतीत लिहिलेलं.

दार नसलेलं घर

आता घरातल्या कॉम्प्युटरकडे येऊ. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याला लॉगिन नव्हतं. बटण दाबलं की सुरू. कारण उघड आहे. पर्सनल कॉम्प्युटर म्हणजे एकाचं मशीन. वाटणी करायचीच नाही तर पाळी कसली आणि परवल कसली? १९८४ च्या पीसी-एटीला कुलूप होतं, पण ते खरोखरचं, पुढच्या बाजूला किल्ली फिरवायचं. मग मदरबोर्डवर पासवर्ड ठेवायची सोय आली. तो ज्या स्मृतीत असायचा ती एका छोट्या बॅटरीवर जगायची. बॅटरी काढून थोडा वेळ थांबलं की पासवर्ड गायब. दुरुस्तीवाल्यांचा हा पहिला मंत्र. पुढे काही लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपवर गेला आणि मंत्र चालेनासा झाला.

ऑगस्ट १९९५. विंडोज ९५. सुरू होताना नाव आणि पासवर्ड विचारायचं, आणि आपण एस्केप दाबलं की मुकाट्याने आत सोडायचं! आपण हसायचो, काय हे कुलूप. खरं तर ते घराचं कुलूप नव्हतंच. ती चौकट नेटवर्कसाठी होती. जतन केलेले नेटवर्कचे पासवर्ड उघडायचे का, एवढंच ती विचारत होती. मशीन कोणाचं हा प्रश्न विंडोज ९५ला पडलाच नव्हता.

तो पडला होता विंडोज एनटीला, १९९३ मध्ये. तिथे प्रत्येक फाइलला मालक होता. लॉगिनच्या आधी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबावं लागायचं. का? तर हुबेहूब लॉगिनसारखी दिसणारी खोटी चौकट कोणीही प्रोग्राम लिहून उभी करू शकतो, पण त्या तीन कळा एकत्र दाबल्या की हाक थेट विंडोजलाच जाते, मधला कोणी ती अडवू शकत नाही.

हे दोन रस्ते २००१ मध्ये विंडोज एक्सपीत एकत्र आले. आपल्याकडे एमएस-सीआयटीचे वर्ग त्याच सुमारास सुरू झाले आणि मध्यमवर्गीय घरांत पहिला कॉम्प्युटर शिरला, तोही याच काळात. म्हणून 'लॉगिन अडलं' ही तक्रारही आपल्या घरात तेव्हाच आली. उपायही सोपा होता. एफ ८ दाबायचं, सेफ मोडमध्ये जायचं. घरगुती आवृत्तीत 'ॲडमिनिस्ट्रेटर' नावाचं एक लपलेलं खातं होतं आणि त्याला बहुधा पासवर्डच नसायचा. त्याच्यातून आत जाऊन आपला पासवर्ड बदलायचा. तेही जमलं नाही तर एका फ्लॉपीवरून मशीन सुरू करून पासवर्ड पुसून टाकणारे प्रोग्राम होते.

हिरकणी आणि बुरूज

इथे मला रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आठवते. सूर्यास्ताला दरवाजे बंद. पहारेकरी कदाचित तिला ओळखतही असतील, पण नियम तो नियम. घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली. मग महाराजांनी काय केलं? तिचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला.

दोन्ही बरोबरच होतं. जिथून आई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो. कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा सगळा इतिहास असाच आहे. मालक ज्या वाटेने आत यायचा तीच वाट चोराची, म्हणून ती बंद होत गेली. व्हिस्टापासून ते लपलेलं खातं मुळातच निष्क्रिय करून ठेवलं. त्याच पिढीत, २००७ मध्ये, बिटलॉकर आलं, म्हणजे सगळी डिस्कच सांकेतिक करून ठेवायची सोय. आता डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी आत फक्त कचरा दिसतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून लॉगिन इंटरनेटवरच्या खात्याशी जोडलं गेलं. आज कित्येक नव्या लॅपटॉपवर डिस्क सांकेतिक झालेली असते आणि मालकाला ते माहीतही नसतं. मग एक दिवस मदरबोर्ड बदलतो किंवा बायोसमध्ये काही फरक होतो, आणि मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं.

हे सगळं एका ओळीत मांडून बघा. १९६२ मध्ये विसरलात तर व्यवस्थापक फाइलीत बघून सांगू शकत होता. १९९५ मध्ये एस्केप होतं. २००१ मध्ये सेफ मोड. आज ४८ आकडे आहेत, आणि ते नसतील तर काहीच नाही. चोरासाठी कुलूप जसजसं पक्कं झालं, तसतशी मालकाच्या विसरण्याची किंमत वाढत गेली. बुरूज बांधायलाच हवा होता. पण पुढच्या हिरकणीने काय करायचं, हे तिला आधी सांगून ठेवायला हवं होतं. ते कोणी सांगितलं नाही.

मग अडलं तर काय बघायचं

या इतिहासातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. लॉगिन अडलं की आधी विचारा, नेमकं काय अडलंय?

पहिली शक्यता, किल्लीच नीट पोचत नाहीये. कॅप्स लॉक बघा, नम लॉक बघा, कीबोर्डची भाषा बघा. ब्रिटिश आणि अमेरिकन कीबोर्डमध्ये 'ॲट'चं आणि दुहेरी अवतरणाचं चिन्ह अदलाबदल झालेलं असतं, तेही बघा. चौकटीच्या बाजूला डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून धरा, ठिपक्यांमागची अक्षरं दिसतील. एकट्याच्या खोलीत तेवढी मुभा आहे.

दुसरी, किल्ली बरोबर आहे पण दुसऱ्या कुलपाची. पिन त्या एका मशीनपुरता असतो, पासवर्ड खात्याचा असतो. आणि मोबाइलवरून खात्याचा पासवर्ड बदलला, पण लॅपटॉप तेव्हापासून इंटरनेटला जोडलेलाच नाही, तर त्याला जुनाच आठवत असतो. जुना टाकून बघा.

तिसरी, घड्याळ. ऑफिसच्या नेटवर्कवर ओळख पटवणारी कर्बेरॉस नावाची पद्धत असते. तिला सर्व्हरच्या आणि तुमच्या घड्याळात साधारण पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. मदरबोर्डवरची बॅटरी संपली, तारीख मागे गेली, की बरोबर पासवर्डलाही नकार मिळू शकतो.

चौथी शक्यता वेगळी आहे. पासवर्ड घेतला, पण आत सगळं कोरं. डेस्कटॉप रिकामा, फाइली नाहीत. इथे कुलूप उघडलेलं आहे, खोली सापडत नाहीये. प्रोफाइल बिघडलं की विंडोज तात्पुरतं प्रोफाइल देतं. फाइली बहुधा जागच्या जागी असतात. अशा वेळी त्या कोऱ्या डेस्कटॉपवर नवीन काही ठेवू नका, बाहेर पडताच ते पुसलं जातं.

पाचवी, ४८ आकड्यांची. तिथे दुरुस्ती नाही, फक्त शोध आहे. घरगुती मशीनची ती की पुष्कळदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. दुसऱ्या मशीनवरून तिथे आधी बघा.

आणि या पाचांतलं कोणतंही असो, फॉरमॅट हा उपाय सगळ्यात शेवटी, तोही डिस्कची प्रत काढून झाल्यावर. आमच्या सरांची अडचण पहिल्या प्रकारची होती. दोन कळा दाबून सुटली असती.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: आमच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागतो. त्याने खरंच सुरक्षा वाढते का?

उत्तर: चांगला प्रश्न. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००४ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यामुळे मोठी-छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं आणि ठरावीक काळाने बदल, हा रिवाज पसरला. ते परिशिष्ट लिहिणारे बिल बर यांनी पुढे २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनेही आपला सल्ला बदलला, की पासवर्ड फुटल्याची शंका असेल तरच बदलायला लावा. कारण उघड आहे. माणसं शेवटचा एक आकडा वाढवतात आणि सोमवारी सकाळी तोच विसरतात.

प्रश्न: माझे पती गेले. त्यांचा लॅपटॉप उघडत नाही. मुलांचे लहानपणापासूनचे फोटो आत आहेत. दुकानदार म्हणतो, सगळं पुसून नवीन करून देतो.

उत्तर: ताई, कृपा करून पुसू देऊ नका. घाई करू नका, बंद मशीनमधले फोटो लगेच कुठे जात नाहीत. आधी एवढंच विचारून घ्या, की डिस्क सांकेतिक आहे का? नसेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून फोटो काढून घेता येण्याची चांगली शक्यता आहे. असेल, तर त्यांच्या कागदांत, डायरीत, छापून ठेवलेल्या पानांत ४८ आकडे कुठे आहेत का बघा. त्यांचा मोबाइल आणि ईमेल सुरू असेल तर तो नंबर बंद करू नका. खातं परत मिळवायचा कोड त्याच नंबरवर येतो.

आणि इथे बसलेल्या सगळ्यांना सांगतो. पासवर्ड वहीत लिहू नका, असं आपल्याला शिकवलं. ते ऑफिसच्या टेबलासाठी ठीक होतं. इंटरनेटवरचा चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही, घरचा माणूस उघडू शकतो. तेव्हा आज घरी गेल्यावर एका कागदावर लिहा, पाकिटात घाला, दागिन्यांच्या शेजारी ठेवा, आणि कुठे ठेवलंय ते एका माणसाला सांगा.

सरांनी, बरं का, काम पुन्हा सुरू केलंय. ज्यांच्याशी आधी बोलले होते त्यांतली काही माणसं आता नाहीत. जी आहेत त्यांच्याकडे परत जातात. आता फाइल तीन ठिकाणी ठेवतात.